सातवी तोप

तंजावर
१२ जानेवारी २०२५

श्री. मुरलीकृष्ण,
कार्यवाह, कावेरीकाठ मराठी वारसा न्यास, तंजावर

आज रविवार, दिनांक १२ जानेवारी, सकाळी दहा वाजून बावीस मिनिटे. ही वेळ माझ्या मनगटावरच्या घड्याळाची आहे. तुमच्या सभागृहाच्या भिंतीवरचं घड्याळ अकरा मिनिटं मागे आहे. टेलिफोन खात्यात छत्तीस वर्षं ट्रंक कॉलच्या वेळा लिहिलेल्या बाईला असल्या गोष्टी दिसतात. दहा बावीसला मी तुमच्या प्रदर्शनात माझ्या वडिलांच्या फोटोसमोर उभी राहिले आणि त्याखालची पाटी वाचली. ती इथे जशीच्या तशी उतरवते, म्हणजे पुढे कोणी "असं लिहिलंच नव्हतं" म्हणायला नको.

"हवालदार बाळकृष्णराव (१९१६–१९९१). दुसऱ्या महायुद्धात लिबियाच्या वाळवंटात, पाण्याच्या टाकीसमोर, इटालियनांकडून मिळवलेला नळ, रानातली माती आणि लॉरीभर पोती यांच्या साहाय्याने यांनी तीन तोपा म्हणजे आमराया उभ्या केल्या. तोफांच्या गडगडाटात हिरवळ फुलवणारा शांततेचा माळी."

शांततेचा माळी!

फोटोशेजारी काचेच्या पेटीत एक पितळी नळी ठेवली आहे. ती मी तुम्हाला माझ्या हातांनी, मऊ कापडात गुंडाळून दिली होती. तिच्याखाली लिहिलंय, "झारीचे तोंड."

माळी असण्यात काही वाईट नाही. वडील माळी असते तर मी आज पेढे वाटले असते. पण ते फिटर होते. तिरुच्चीजवळच्या रेल्वे कारखान्यातून लष्कराच्या वर्कशॉपात गेले, आणि तिथे शत्रूच्या मोडक्या तोफांचे तुकडे जोडून त्यांनी रणगाडे फोडणाऱ्या तीन तोफा केल्या. तोफा, मुरलीकृष्ण. फ वर जोर देऊन वाचा. ती पितळी नळी म्हणजे त्यातल्या पहिल्या तोफेचं नेम धरायचं साधन. तिच्यातून झाडांना पाणी घालायचं नसतं.

मी हे सगळं घरी बसून चडफडत सहन केलं असतं असं तुम्हाला वाटत असेल, तर पुढचं ऐका. माझे काका सूर्यनारायण आयुष्यभर म्हणत आले, "बाळू लष्करात गेला आणि माती खणून आला." अप्पा, म्हणजे माझे वडील, ते ऐकून घ्यायचे. आज माझ्याच शेजारी उभं राहून काकांच्या मुलानं, सुब्रह्मण्यानं, ती पाटी मोठ्यानं वाचली आणि चार पाहुण्यांदेखत म्हणाला, "बघ अक्का, माझे अप्पा खोटं नव्हते बोलत. आता तर छापूनच आलंय!"

छापून आलंय, हेच माझं दुखणं आहे. पाटी काढता येते. ही मजकुराची ओळ तुमच्या पुस्तिकेत जाणार आणि पुस्तिका आपल्या माणसांच्या घराघरांत जाणार. अप्पांची वही मराठीत आहे, पण तमिळ अक्षरांत. ज्यांना मराठी येतं त्यांना आता ती अक्षरं लागत नाहीत, आणि ज्यांना ती अक्षरं लागतात त्यांना मराठी नीट येत नाही. मी सत्त्याहत्तर वर्षांची आहे. मी गेल्यावर तुमची पुस्तिका तेवढी खरी ठरणार.

तेव्हा: पाटी उतरवा, "झारीचे तोंड" उतरवा, पुस्तिका थांबवा. तुमच्या न्यासाचा नियम आहे की पत्रव्यवहार मराठीत, देवनागरीतच. म्हणून हे पत्र देवनागरीत आहे. ती मी निवृत्तीनंतर शिकले, त्यामुळे अक्षर शाळकरी आहे. अर्थ शाळकरी नाही. लेखी उत्तर सोमवार दिनांक २० रोजी संध्याकाळी पाचच्या आत मिळावं.

बा. सुप्रभा

---

तंजावर
२० जानेवारी २०२५

आदरणीय सुप्रभाअक्कांस सादर नमस्कार.

आपले पत्र मिळाले. पोंगलच्या सुट्यांमुळे उत्तरास विलंब झाला, तरी शिपायाला साडेचारलाच पाठवीत आहे, म्हणजे मुदतीत पोहोचेल.

आपल्या भावनांचा न्यासाला संपूर्ण आदर आहे. तथापि पाटीवरील मजकूर मनाचा नाही. आपण दिलेली वही आमच्या वर्षाने तीन आठवडे बसून अक्षर अक्षर वाचली. मुलगी एम. ए. आहे, घरी आपलीच भाषा आहे, आणि तमिळ हस्ताक्षर वाचण्यात तिचा हात धरणारे कोणी नाही. तिने उतरवलेला मजकूर मी शुद्ध मराठीत आणला. मी सात वर्षे पुण्यात शिकलो असल्यामुळे तेवढा अधिकार मला आहे असे मी नम्रपणे समजतो.

वहीत नळाचा उल्लेख आहे. टाकीचा तर पानोपानी आहे. "साक्" म्हणजे पोते, हे तंजावरात कोणीही सांगेल. आणि "तोप" हा शब्द सात वेळा येतो. आपल्या घरांतून आंब्याच्या बनाला तोप म्हणतात हे मी आपल्याला सांगायला नको, आपण माझ्यापेक्षा वडील आहात. नळ, टाकी, पोती, तोप! यातून बागेखेरीज दुसरे काय निघते?

शिवाय फोटो पाहावा. आपले वडील ज्याच्याशेजारी उभे आहेत तो जाळीचा मांडव आहे आणि त्यावर पाने स्पष्ट दिसतात. आमच्या मते तो भोपळ्याचा किंवा घोसाळ्याचा वेल असावा.

अक्का, लहान तोंडी मोठा घास घेतो. आजच्या काळात लढाईचे कौतुक करणाऱ्यांची कमी नाही. लढाईत राहून झाडे लावणारा माणूस विरळा. ही पाटी लोकांना सर्वांत जास्त आवडते आहे. एका शाळेने तर सव्वीस जानेवारीला "शांततेचा माळी" नावाची नाटुकली बसवली आहे. एक मुलगा अप्पा होणार आहे. त्याच्या हातात झारी असेल.

पुस्तिका ५ फेब्रुवारीला छापायला जाईल. त्याआधी आपल्याकडे काही ठोस पुरावा असल्यास जरूर कळवावे.

आपला,
मुरलीकृष्ण

---

तंजावर
२२ जानेवारी २०२५

श्री. मुरलीकृष्ण,

तुमचा शिपाई चार बेचाळीसला आला. उत्तर मुदतीत आलं, एवढी एकच गोष्ट त्यात बरोबर होती.

पुरावा मागितलात. पुरावा तुमच्या कपाटात आहे आणि तुम्ही तो उघडून पाहिलेला नाही. "वर्षाने वाचली" असं लिहिता, "मी वाचली" असं कुठेच लिहीत नाही. कॉन्व्हेंटात सिस्टर बेनेडिक्टा आमच्या निबंधातली अशी वाक्यं लाल पेन्सिलीनं धरायच्या. ज्यानं केलं नाही तो नेहमी दुसऱ्यानं किती छान केलं हे सांगतो.

आता पुण्यात सात वर्षांत जे कोणी शिकवलं नाही ते मी तुम्हाला एका पानात शिकवते.

तमिळ लिपीत क, ख, ग, घ या चौघांना मिळून एकच अक्षर आहे. ट आणि ड यांना एक. प, फ, ब, भ यांना एक. च आणि स यांचं भांडण नको म्हणून त्यांनाही एकच. तमिळ बोलणाऱ्याला कुठे काय म्हणायचं ते आपोआप कळतं. पण त्या अक्षरांत मराठी लिहिलं की वाचणाऱ्याला मराठी कानानं वाचावं लागतं. वर्षानं डोळ्यांनी वाचलं, आणि डोळ्यांना ओळखीचे तमिळ शब्द दिसले. तोफ लिहिली की दिसतं तोप. चाक लिहिलं की दिसतं साक्, म्हणजे पोतं. गाडा लिहिला की दिसतो काड, म्हणजे रान. आणि टांकी! १९४२ साली "रणगाडा" हा शब्द अप्पांना कोण सांगणार होतं? साहेब टँक म्हणायचे, अप्पा टांकी म्हणायचे. ती टांकी पाण्याची नव्हती. तिच्यातून गोळे यायचे.

वहीतलं नववं पान उघडा. वर्षानं वाचलं, "इटालियाचा नळ, दुसऱ्या तोपेचं रान, लॉरीची पोती, असं जोडून तोप केली. टाकीसमोर ठेवली." यात रान कसं जोडतात, असा प्रश्न तुम्हा दोघांपैकी एकालाही पडला नाही?

अप्पांनी लिहिलंय, "इटालियाची नळी, दुसरे तोफेचा गाडा, जळले लॉरीचीं चाकं, असें जोडून तोफ केली. टांकीसमोर ठेवली."

सिस्टर बेनेडिक्टा म्हणायच्या, शब्दाचा अर्थ कळला नाही तर तो शेजारच्या शब्दाला विचारावा. तुम्ही शेजाऱ्याला न विचारता घरच बांधून मोकळे झालात.

आता तोफ कशी झाली ते ऐका, कारण हे मला लहानपणापासून कोणी सांगितलं नाही. अप्पा गेल्यावर वही माझ्या हाती आली तेव्हा मी वाचलं. इटालियन सैन्य मागे हटताना तोफा सोडून गेलं होतं, पण जाताना मोडून गेलं होतं. एकीची नळी शाबूत आणि खालचा गाडा चुराडा, दुसरीचा गाडा शाबूत आणि नळी फाटलेली. अप्पांनी पहिलीची नळी दुसरीच्या गाड्यावर बसवली. माप जमेना, म्हणून रेल्वेच्या रुळाच्या तुकड्यातून पट्टे कापून मध्ये घातले. तोफेची चाकं लाकडी होती, वाळूत रुतायची, म्हणून जळलेल्या लॉरीचा आख आणि चाकं काढून लावली. नेम धरायची काच शत्रूनं फोडली होती, म्हणून स्टोव्हच्या पंपाची पितळी नळी घेऊन तिच्या तोंडाशी टेलिफोनच्या वायरीतले दोन बारीक धागे आडवे-उभे ताणले. ते धागे अजून आहेत. झारीच्या तोंडात धागे कशाला असतील? तुमची ती काचेची पेटी उघडा, नळी डोळ्याला लावा आणि भिंतीवरच्या त्या मागे पडलेल्या घड्याळावर नेम धरा.

तुमचा भोपळ्याचा मांडव म्हणजे तोफ विमानातून दिसू नये म्हणून टाकलेली जाळी आहे. त्या मांडवाला खाली दोन टायर आहेत. फोटो भिंगातून पाहा. पोती मात्र खरंच होती, चाकांमागे, वाळू भरलेली; तेवढं श्रेय वर्षाला द्या.

तोफा झाल्या, पण त्या चालवायला तोफची उरले नव्हते. वर्कशॉपातलीच माणसं उभी राहिली. स्वयंपाकी युसुफ, ड्रायव्हर तेजासिंग, कारकून नायर, लोहार आरोक्यम, आणि मुनियन, तो एकोणीस वर्षांचा होता. पहिल्या दिवशी अप्पांनी लिहिलं, "टांकी जळाली. तोफ पांच हात मागें गेली. चाक शाबूत." रणगाडा जळाला याचं त्यांना विशेष नाही, चाक टिकलं याचं समाधान. हे फिटरचं वाक्य आहे. मी आयुष्यात यापेक्षा अभिमानाचं वाक्य वाचलेलं नाही.

तिसऱ्या दिवशी ती पहिली तोफ आणि ते पाचही जण गेले; वाळूत सापडली ती एवढी पितळी नळी. अप्पा दुसऱ्या तोफेचा आख बसवत मागे होते म्हणून राहिले. त्या पानावर पाच नावं आहेत आणि त्याखाली दोन ओळी:

"पापनाशास एकेकाचे नावें तोफ लावीन. आळ चांगले पाह्यजे."

पापाचा नाश करायला एकेकाच्या नावानं तोफ डागीन. "आळ" म्हणजे माणूस, तमिळ शब्द आहे, घरात सगळे म्हणतात. माणसं चांगली हवीत. असा होता तुमचा शांततेचा माळी. ही ओळ मला पाटीवर सर्वांत वर हवी आहे, मोठ्या अक्षरांत.

त्या नाटुकलीतल्या मुलाला माझा आशीर्वाद सांगा आणि हातातली झारी काढून घ्या. वही स्वतः उघडा, वर्षाला समोर बसवा, आणि मोठ्यानं मराठीत वाचा. लेखी उत्तर ३१ जानेवारी, संध्याकाळी पाच.

बा. सुप्रभा

---

तंजावर
३१ जानेवारी २०२५

आदरणीय अक्का,

काल आपण सांगितल्याप्रमाणे केले. वर्षा अक्षरे सांगत गेली आणि मी मोठ्याने वाचत गेलो. नवव्या पानावर "साक्" आले. मी म्हणालो, "चाक." ती म्हणाली, "साक्, सर." मी म्हणालो, "चाक, अगं चाक!" मग तिने हातातली पेन्सिल खाली ठेवली आणि हसायला लागली, आणि हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी आले. ऑफिसातली अखिला धावत आली, तिला वाटले मीच काहीतरी बोललो.

मग मी ती पितळी नळी डोळ्याला लावली. धागे आहेत. घड्याळाच्या काट्यावर बरोबर नेम बसतो. घड्याळ दुरुस्तीला दिले आहे.

आपण लिहिलेत ते खरे आहे. मी वही उघडली नव्हती. मला तमिळ छापील अक्षरे वाचता येतात, हाताची वाचायला त्रास होतो, आणि न्यासाच्या कार्यवाहाने हे सांगायचे कसे असे वाटत होते. आता आपल्याला सांगितले.

पाटी उतरवली. पुस्तिका महिनाभर पुढे ढकलली. वर्षाच्या उताऱ्यात सातही ठिकाणी "तोप" खोडून "तोफ" केली आहे. "पापनाशास एकेकाचे नावें तोफ लावीन" ही ओळ पितळी अक्षरांत कापायला उद्या कारागिराकडे देतो. दोन फूट लांब होईल. सुब्रह्मण्यालाही उद्घाटनाचे बोलावणे पाठवतो, आपली हरकत नसेल तर.

नाटुकली झाली. त्यास माझा इलाज नव्हता. मुलाने काम चांगले केले.

आपला,
मुरलीकृष्ण

---

[वर्षाचं हे पत्र तमिळ अक्षरांत लिहिलेलं मराठी आहे. देवनागरीत मी उतरवलं. – बा. सु.]

पापनाशम
६ फेब्रुवारी २०२५

सुप्रभाअत्त्यांस,

तुम्ही माझ्या अत्त्या नव्हं, पण काय म्हणायचं मज समजंना, म्हणून अत्त्या म्हणते. मज मराठी बोलायला येतंय, लिवायला येत नाही. म्हणून आज्जी लिवायची तसं आपल्या अक्षरांत लिवते. तुम्हांस वाचतां येतंय हे मज ठाऊक आहे.

पयलं, चूक माझी. मी तमिळ म्हणून वाचलं. तुमच्या अप्पांस मी माळी केलं. क्षमा करा.

दुसरं सांगायचं धाडस होईना. सरांस सांगटलं नाही, तुम्हांसच सांगते. नको असेल तर फाडून टाका, मी कोणास बोलणार नाही.

तुम्ही लिवलंत, शब्दाचा अर्थ शेजारच्या शब्दास विचारावा. मी सातही तोपांस विचारलं. सहा तोपांचे शेजारी नळी आहे, गाडा आहे, टांकी आहे. त्या तोफा. सातवीचे शेजारी "पापनाशास" आहे आणि "लावीन" आहे आणि "आळ" आहे. तुम्ही आळ म्हणजे माणूस म्हणालात. तो तमिळ शब्द, अत्त्या. अप्पांनी शेवटचं अक्षर ओढून लिवलंय, "आळें". माझी आज्जी अंगणांत केळीभोंवती गोल खणून पाणी घालायची, त्यास आळें म्हणायची. "आळें चांगलें पाह्यजे."

आणि पापनाश म्हणजे आमचं गांव. आज्जी कधी पापनाशम म्हटली नाही. "पापनाशास जाते" म्हणायची.

आज्जी म्हणायची, तंजावरच्या हवालदारांची तोप आमचे गांवांत आहे, पांच आंबे, पांचांस नांवं होतीं. कुठलीं नांवं, आज्जी गेली, मज ठाऊक नाही. तुम्हांस ठाऊक असतील.

वर्षा

---

तंजावर
१० फेब्रुवारी २०२५

श्री. मुरलीकृष्ण,

पितळी अक्षरं कापायला दिली असतील तर आजच थांबवा. आधी फोन करा, मग हे पत्र पुढे वाचा.

सोबत वर्षाच्या पत्राची देवनागरी प्रत जोडते. तिनं मला लिहिलं होतं की नको असेल तर फाडून टाका. दोन दिवस ते पत्र माझ्या टेबलावर पडून होतं, आणि मी ते फाडलं नाही एवढंच स्वतःबद्दल चांगलं सांगता येईल. पितळेची दोन फूट ओळ मला फार हवी होती.

काल, रविवारी, सकाळी आठ दहाच्या बसनं मी पापनाशमला गेले. तोप आता सुब्रह्मण्याच्या वाट्याला आहे. दारातून ओरडला, "काय अक्का, माळ्याची मुलगी बाग बघायला आली?" मी म्हटलं, "हो. खुर्ची आण."

पाच झाडं होती, आता चार आहेत. एक मागच्या वादळात पडलं. मोहोर इतका आहे की पानं दिसत नाहीत. लहानपणी दर उन्हाळ्यात आम्ही तिथे असायचो, आणि झाडांना नावं होती: सायबू, सरदार, नायर, लोहार आणि धाकटा. ही आंब्यांच्या जातींची नावं आहेत असं मी धरून चालले होते. जशी नीलम, जशी रुमानी. कॉन्व्हेंटात एकदा फळवाल्याकडे मी "नायर आहे का?" असं विचारलं आणि मुली आठवडाभर हसल्या. सायबू आंबट होता, त्याचं लोणचं व्हायचं. माझी आई वेंकूबाई, जिच्या सोवळ्यात कावळ्याची सावलीसुद्धा चालत नसे, ती बरणीत हात घालून म्हणायची, "सायबू यंदा फार आंबट आहे, मोहरी वाढवा." अप्पा ओसरीवर बसून हसायचे. का हसायचे ते आम्हाला कधी कळलं नाही.

आमच्याकडे मुसलमानाला सायबू म्हणतात; सायबू म्हणजे स्वयंपाकी युसुफ. वहीत मी ते नाव शंभरदा वाचलंय. लोणच्याच्या बरणीत कधी ओळखलं नाही.

अप्पांनी १९४६ साली परत येऊन पाच आळी खणली. मी त्याच्या पुढच्या वर्षी जन्मले, म्हणजे ती झाडं माझी थोरली भावंडं. आळं हा शब्द मला येत नव्हता असं नाही. रोज माझ्या तुळशीला आळं करते. पण मला तोफ हवी होती, म्हणून मला आळ दिसला. वर्षाला बाग दिसली कारण तिला शब्द ठाऊक नव्हता. मला सूड दिसला, आणि मला सगळं ठाऊक होतं. दोघींत जास्त मोठी चूक कोणाची ते सिस्टर बेनेडिक्टांनी एका लाल रेघेत दाखवलं असतं.

आणखी एक गोष्ट लिहून टाकते, म्हणजे राहून जायला नको. सूर्यनारायण काका म्हणायचे, बाळू लष्करात गेला आणि माती खणून आला. काका अगदीच खोटं बोलत नव्हते. फक्त खणणं परत आल्यावर झालं आणि खड्डे पाच होते. हे मी काल सुब्रह्मण्याला वही उघडून, बोट ठेवून वाचून दाखवलं. नळी, गाडा, चाक, सहा तोफा, मग पाच नावं, मग सातवी तोप. त्यानं उठून झाडं मोजली. मग म्हणाला, "अक्का, पडला तो कोण होता?" मी म्हटलं, "धाकटा. मुनियन." त्यानं माणसाला हाक मारून कुदळ मागवली. म्हणाला, आळं आत्ताच खणतो, फळ आलं की त्याच जागी परत लावतो, कोय नायरची घेऊ का सरदारची? मी म्हटलं, मुनियनची कोय आता कुठून आणणार, नायरची घे, गोड आहे.

तेव्हा नवी पाटी अशी हवी. एकही शब्द सुधारायचा नाही, पुण्याचा तर नाहीच.

"हवालदार बाळकृष्णराव, फिटर. लिबियाच्या वाळवंटात, १९४२ साली, शत्रूच्या मोडक्या तोफांचे सुटे भाग, रुळाचे तुकडे आणि जळलेल्या लॉरीची चाकं जोडून यांनी रणगाडे फोडणाऱ्या तीन तोफा केल्या. पहिली तोफ महंमद युसुफ, तेजासिंग, कृष्णन नायर, आरोक्यम आणि मुनियन यांनी चालवली. ते पाचही तिच्यापाशी मरण पावले. युद्धानंतर हवालदारांनी पापनाशम इथे त्या पाचांच्या नावानं तोप लावली. वहीचं वाचन: कुमारी वर्षा."

वर्षाचं नाव शेवटी आहे, पण ते गाळायचं नाही. तिला माझ्याकडे पाठवा, मंगळवारी आणि शुक्रवारी, दुपारी चारला. मी तिला देवनागरी शिकवणार आहे आणि तिनं मला माझ्या घरचं मराठी शिकवायचं आहे. आपल्या घरांत अशा तमिळ अक्षरांतल्या वह्या आणखी किती पडल्या आहेत ते देव जाणे. त्या आता तरी दोघींनी मिळून वाचाव्यात.

पितळी अक्षरांत ओळ हवीच असेल तर तीच कापा, पण आता नीट लिहा: "पापनाशास एकेकाचे नावें तोप लावीन." इथे प. वरच्या तिन्ही "तोफां"ना फ, आणि फ ची गाठ स्पष्ट दिसली पाहिजे. एका अक्षरानं अप्पांना एकदा माळी केलं, एका अक्षरानं मी त्यांना सूडाचा माणूस केला. ते दोन्ही नव्हते. तोफ त्यांनी केली आणि तोप त्यांनी लावली, आणि दोन्ही कामं चोख केली. चारही झाडं आज उभी आहेत.

पेटीतल्या पितळी नळीखाली "नेमाची नळी" एवढंच लिहा.

या सगळ्याला तुमचं लेखी उत्तर शुक्रवार, दिनांक २८ फेब्रुवारी २०२५ रोजी संध्याकाळी पाचच्या आत माझ्या हातात पडलं पाहिजे. देवनागरीत, आणि या वेळी स्वतः वाचून लिहिलेलं. घड्याळ दुरुस्त झालं असलं तरी पाच माझ्या घड्याळाचे धरायचे.

बा. सुप्रभा